विश्रांती घेऊनही दुखणारा अंगठा

वडगावच्या आक्का आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातात असा धरला होता, की तो जणू दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलेला आहे. मागून त्यांची मुलगी आली. तिच्या खांद्यावर तीनेक महिन्यांची तान्ही मुलगी झोपली होती. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली आणि आक्का आत आल्या.

मी बेळगावात, वडगावच्या शेजारी खासबागला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काम करते. दोन खोल्या, तीन खाटा, मध्ये हिरवा पडदा आणि खिडकीतून येणारा यंत्रमागांचा आवाज. दवाखाना एका कन्नड मॅडमचा आहे. त्यांनी मला नोकरी दिली तेव्हा माझं इंग्रजी अर्धं-कच्चं होतं, हे मला विसरता येत नाही. मी निपाणीच्या मराठी शाळेत शिकले. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझं इंग्रजी अडलं, की आमचे एक सर, स्वतः घरी कन्नड बोलणारे, हळूच म्हणायचे, "मराठीत सांग, मला समजतं." त्या एका वाक्यावर मी पदवीपर्यंत पोचले असं मला वाटतं.

घरी मात्र माझं काम काय, ते समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली. आई एकदा म्हणाली, "सुई न्हाय, गोळी न्हाय. मग तू पेशंटला देतीस तरी काय?"

"आधी प्रश्न विचारते," मी म्हणाले.

"ते फुकाट बी विचारता येत्यात की गं!"

आईचं बरोबर होतं. पण त्या फुकटच्या प्रश्नांमध्येच मला या कामाची गोडी लागली. माणसाचं दुखणं आणि ते कशानं झालं याची त्याच्या मनातली गोष्ट, या दोन गोष्टी दरवेळी जुळतातच असं नाही. कुठं जुळत नाहीत ते शोधताना मला अजूनही, शाळेत न सुटलेलं गणित पुन्हा मांडताना यायची तशी मजा येते.

"काय होतंय आक्का?"

"अंगठा गेला माझा."

"कधीपासून?"

"मोरपंखी ताणा चढला तवापासनं."

मी पेन हातात धरून थांबले. त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या जरा फुडं, बाई. लिव तसं."

आक्का सांधणीचं काम करायच्या. मागावर साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, ज्या मोठ्या रुळावर गुंडाळलेले असतात, त्याला बीम म्हणतात. बीम संपत आला की नवा बीम लावायचा आणि जुन्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्या धाग्याचं टोक जोडायचं. गाठ मारायची नाही. गाठ फणीत अडकते. चिमटीत थोडी राख घ्यायची, दोन टोकं एकमेकांवर ठेवायची आणि अंगठ्यानं तर्जनीवर पीळ द्यायचा. साडीच्या पन्ह्यात असे हजारो धागे असतात. आक्कांनी हे काम लग्नाआधीपासून केलं होतं. पाच-सहा मागवाले सांधणीला त्यांनाच बोलवायचे.

आता त्यांनी काम बंद ठेवलं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हाताला विश्रांती द्या, फिजिओथेरपी घ्या. फरक पडला नाही तर इंजेक्शन, आणि तरीही नाही पडला तर लहानसं ऑपरेशन. डॉक्टरांचं सांगणं योग्यच होतं. पण आक्कांच्या गल्लीत एका बाईचं हाताचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतर तिच्या अंगठ्याच्या पाठीची कातडी बधिर राहिली होती.

"तिला काय, ती भाकरी करती आनि गप बसती," आक्का म्हणाल्या. "मला धागा लागाय पायजे. धागा हाताला न्हाय लागला तर मी तितं बसून काय करू, माश्या मारू?"

म्हणजे प्रश्न नुसत्या दुखण्याचा नव्हता. अंगठ्याला स्पर्श राहणार की नाही, याचा होता. त्यांची झोप त्यामुळं उडाली होती.

आम्हाला शिकवलेलं असतं, की दुखतं तिथंच मूळ असेल असं धरून चालायचं नाही. म्हणून मी मानेपासून सुरुवात केली. मान वळवायला लावली, वर बघायला लावलं.

"अंगठा हितं हाय," आक्का म्हणाल्या.

"मानेतून शीर येते आक्का, हातात. तिथं दबली तरी अंगठा दुखतो."

"मग मानेचं ऑपरेशन करतीस व्हय?"

मान आखडलेली होती, वर्षानुवर्षं खाली बघून काम केल्यावर असतेच. पण मान हलवून अंगठ्यात कळ येत नव्हती. कोपर बरं होतं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा मी दाबून फिरवून बघितला, तिथं झीज असली तर लगेच कळतं. तिथंही विशेष काही नाही. मग डोळे मिटायला लावून बोटांवर कापूस टेकवला. प्रत्येक वेळी त्यांनी बरोबर सांगितलं, आणि शेवटी डोळे मिटूनच म्हणाल्या, "किती येळ गुदगुल्या करणार हायस?"

मग मी त्यांना अंगठा मुठीत झाकायला सांगितलं आणि मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. आक्का खाटेवरून अर्ध्या उठल्याच. बाहेर बाळ जागं झालं इतक्या मोठ्यानं त्या ओरडल्या.

दुखणं सापडलं होतं. अंगठा उघडणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद म्यानातून जातात. त्यांना सूज आली, की म्यान पुरत नाही, आणि अंगठा उघडताना प्रत्येक वेळी घासतं.

"किती दुखलं? काहीच दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा."

"बारा आणे," आक्का म्हणाल्या.

आमच्या भागात हे नेहमीचं. दुखण्याला सोळा आणे, बरं वाटण्यालाही सोळा आणे. मी मनातल्या मनात बारा आण्यांचे दहापैकी साडेसात केले आणि लिहिले.

मॅडमनी तपासून माझं निदान बरोबर असल्याचं सांगितलं. आम्ही अंगठा स्थिर ठेवणारा मनगटपट्टा दिला. दुखऱ्या जागी मशीनचा शेक, सूज उतरायला थोडा बर्फ, आणि कळ कमी झाल्यावर करायचे हलके व्यायाम. मुरगळ काढणाऱ्या कुणा माणसाकडून त्यांनी अंगठा दोनदा ओढून घेतला होता. ते बंद करायला सांगितलं. आंबेहळदीचा लेप चालू ठेवायला मी हरकत घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात त्या आल्यावर मी विचारलं, "काही फरक?"

"चार आणे."

मला आनंद झाला.

"वाढलं," आक्का म्हणाल्या.

इथून मला या दुखण्याचं खरं कुतूहल वाटायला लागलं. काम बंद होतं. पट्टा होता. शेक होता. मग वाढलं कसं? बाहेर बसलेली मुलगी मला म्हणाली, "पट्टा घालती ओ मॅडम, मी बघतो की. दिवसभर घालती." पट्टा बघितला तर तो स्वच्छ होता, आताच पुडक्यातून काढल्यासारखा. मॅडमचं मत पडलं, की इतकं जुनं काम आहे, दोऱ्या झिजल्या असतील, अजून पंधरा दिवस बघू आणि मग डॉक्टरांकडं परत पाठवू. आक्कांनी ते ऐकलं. जाताना अंगठ्याचं टोक तर्जनीवर फिरवत गेल्या, धागा नसताना पीळ द्यावा तसं.

ते बघून मला एक साधी गोष्ट सुचली. सांधणीनं दुखतं असं सगळेच म्हणत होते, आक्का, डॉक्टर, मॅडम, मीसुद्धा. पण सांधणी करताना दुखतं का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

"पुढच्या वेळी येताना थोडे धागे घेऊन या," मी म्हणाले.

त्या मोरपंखी धाग्यांची लहानशी लड आणि कागदाच्या पुडीत राख घेऊन आल्या. मी खाटेच्या दांडीला धागे बांधून दिले. आक्कांनी पट्टा काढला, राख चिमटीत घेतली आणि सुरू केलं. एक, दुसरा, तिसरा. बोटं इतकी भरभर चालत होती, की मला जोड कुठं झाला ते दिसतच नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चेहरा शांत होता.

"दुखतंय?"

त्या थांबल्या. हाताकडं बघितलं. "न्हाय की गं," असं त्या म्हणाल्या, पण आनंदानं नाही, कुणीतरी फसवल्यासारख्या.

मी स्वतः तो पीळ देऊन बघितला. मला एकही जोड जमला नाही, पण एक गोष्ट कळली. या कामात अंगठा तर्जनीजवळच राहतो, फक्त टोक फिरतं. अंगठा ताणून बाजूला उघडावा लागत नाही, आणि मनगटही वाकत नाही. दुखऱ्या दोऱ्यांना या कामात फारसं ओढायचं कारणच नव्हतं.

मग त्यांचा अंगठा दिवसभरात कुठं उघडत होता?

मी त्यांचा हात जवळ घेतला. राखेखाली आणखी कसला तरी वास येत होता. खोबरेल तेल आणि ओवा. पट्टा कोरडा, हाताला मात्र तेलाचा वास.

"तेल कशाचं, आक्का?"

"नातीला लावतो की. सकाळी आंघुळ घालतो तिला."

"पट्टा घालून?"

"पट्टा कसा घालू? भिजतोय न्हवं. काडून ठेवतो."

मी एक जाड टॉवेल गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "ही तुमची नात. घाला बघू आंघोळ."

आक्का जमिनीवर बसल्या, पाय लांब केले, टॉवेल नडग्यांवर पालथा घातला. मुलगी दारात येऊन उभी राहिली. आक्कांनी दोन्ही अंगठ्यांनी टॉवेलच्या पाठीवर मानेपासून खालपर्यंत दाबत तेल लावलं. मग उलटा केला. छाती, हात, पाय. डोकं गोल करायला अंगठ्यानं दाबलं. मुलगी हसली, "आये, टॉवेलचं नाक नको वडूस."

"गप गं. तुझं वडलं म्हून निट हाय."

शेवटी त्यांनी टॉवेलच्या काखेत दोन्ही हात घातले, अंगठे पुढं, बोटं मागं, आणि त्याला उचलून उभं केलं. त्या क्षणी त्यांचा ओठ दाताखाली गेला. टॉवेलला वजन नव्हतं, तरीही.

हे दुखणं बाळंतिणींना होतं, तान्ही मुलं उचलून उचलून. कॉलेजात मी ते वाचलं होतं. पण बाळंतीण तर दारात उभी होती, आणि तिचे हात ठणठणीत होते, कारण घरी पाळण्यात घालण्यापासून ढेकर काढण्यापर्यंत बाळाला उचलायचं सगळं काम आक्का करत होत्या. मुलगी पहिल्या बाळंतपणाला निपाणीहून माहेरी आलेली, तिला कशालाच हात लावू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मोरपंखी ताणा चढला त्याच सुमाराला नात जन्मली होती. आणि विश्रांतीसाठी सांधणी सोडल्यापासून आक्का दिवसभर घरी होत्या, म्हणजे नात दिवसभर त्यांच्या हातात होती.

हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माग सोडला तो उगंच?"

"तसंच म्हणायचं."

"आनि आता आंघुळ सोड म्हनतीस?"

"काही दिवस."

"माग सोडला, ते काय एवढं न्हाय. पर आंघुळ मी न्हाय सोडनार. आमच्यात पयल्या नातवंडाला आज्जीच न्हाऊ घालती. दुसऱ्या कुनाचा हात लागला तर लोक काय म्हनतील, आज्जी मेली का काय?"

"मग ऑपरेशन करून घेणार?"

मुलगी मध्ये पडली. "आये, मी घालतो की आंघुळ."

"तू? तुला साबन धरता येत न्हाय, पोर धरतीस!"

आमच्या कामात उपाय सांगणं सोपं असतं. घरात पोचल्यावर तो टिकतो का, हा खरा प्रश्न असतो. मी तीन पर्याय ठेवले. एक, आंघोळ मुलीनं घालायची. दोन, आक्कांनीच घालायची, पण उचलायची पद्धत बदलायची: काखेतून नाही, तर एक तळवा मानेखाली, एक ढुंगणाखाली, अंगठा बोटांना चिकटलेला, जणू सुपात घेतल्यासारखं. आणि तेल लावताना अंगठ्यानं दाबायचं नाही, सपाट तळव्यानं चोळायचं. तीन, डॉक्टरांकडं परत.

"तळव्यानं? पोरगी हाय का भाकरी?"

"भाकरीच समजा."

"बघ गं," त्या मुलीला म्हणाल्या, "निपानीची डाक्टरीन तुझ्या पोरीची भाकरी कराय निगाली."

शेवटी ठरलं ते मी मांडलेल्या तिन्हींपैकी कुठलंच नव्हतं. आंघोळ मुलीनं घालायची, पण आक्कांनी समोर बसून सांगायचं, म्हणजे न्हाऊ घालणारी आज्जीच राहील. तेल आक्का लावणार, तळव्यानं, आणि एरवी नातीला उचलायचं तेही तळव्यांवरच. मी म्हणाले, पहिल्या दिवशी मी येते.

वडगावात त्यांचं घर एका अरुंद बोळात होतं, दोन्ही बाजूंना माग चालू. न्हाणीत बंबाचं पाणी काढून ठेवलं होतं. मुलगी पाय पसरून बसली आणि भीतीनं आधीच घामाघूम झाली होती. आक्का समोर पाटावर, पट्टा घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, नाहीतर हात आपोआप पुढं जातील म्हणून.

"मान! मान धर! अगं सुटंल!"

"आये, तूच वरडतीस म्हून ती घाबरती."

"पानी कानात जातंय बघ. हात आडवा धर कानाला. आडवा!"

बाळ दोघींकडं आळीपाळीनं बघत होतं आणि अजिबात रडत नव्हतं. एकदा आक्कांचा हात मांडीखालून निसटलाच. मी मध्ये माझा हात घातला. त्यांनी माझ्या हातावर एक चापटी मारली आणि हात परत आत ओढून घेतला. आंघोळ झाल्यावर मुलीनं बाळाला दोन तळव्यांवर उचललं, मी दाखवलं तसं, आणि आक्कांच्या पसरलेल्या पदरात ठेवलं. आक्का बाळाला पुसत पुसत म्हणाल्या, "पानी जरा कमी वतलंस. बाकी बरं."

मुलीला आईकडून मिळालेली ती बहुधा पहिली शाबासकी असावी. ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

पुढच्या काही आठवड्यांत कळ उतरत गेली. आठ आण्यांवर आली, मग चार. आम्ही व्यायाम वाढवले. रबर बँड बोटांभोवती घालून अंगठा हळूहळू उघडायचा, सोडताना त्याहून हळू. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता इंजेक्शनही नको, ऑपरेशन तर नकोच. त्या दिवशी आक्का दवाखान्यात आल्या, खाटेवर बसल्या आणि ट्रेमधला कापूस घेऊन स्वतःच अंगठ्यावर फिरवायला लागल्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "गुदगुल्या हुत्यात का बघतो."

पण एक गोष्ट राहते, आणि ती मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुखणं दोन आण्यांवर आलं असतानाच मुलगी बाळाला घेऊन निपाणीला सासरी गेली. जायची वेळ झालीच होती. त्यानंतर आठवड्यात दुखणं नाहीसं झालं. आता ते कशानं गेलं? पट्ट्यानं, व्यायामानं, उचलण्याची रीत बदलली म्हणून? की उचलायला कुणी उरलंच नाही म्हणून? आम्ही काहीच केलं नसतं तरी ते गेलं असतं का? मी मॅडमना विचारलं.

"कडिमे आयतल्ला, साकु," मॅडम हसून म्हणाल्या. कमी झालं ना, पुरे.

मला पुरेना. मी एका दुपारी आक्का ज्या मागावर सांधणीला गेल्या होत्या तिथं गेले. बाकीचे माग धडधडत होते, त्यांचा तेवढा बंद होता. नवा बीम चढला होता, गडद कुंकवाच्या रंगाचा. त्या खाली पाय सोडून बसल्या होत्या, बोटांवर राख. मी शेजारी बसले आणि मागांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं तोच प्रश्न विचारला. व्यायामानं बरं झालं, का नात गेली म्हणून?

त्यांनी हातातला जोड पुरा केला.

"तुला काय पायजे ते लिव," त्या म्हणाल्या. "मला धागा लागतोय."

त्यांनी आणखी चार-पाच धागे सांधले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सनाला येनार हाय पोरगी. नात आता चांगली जड झालीया म्हनं. आठ दिस ऱ्हानार. तवा कळंल तुझं खरं का खोटं."

"कसं उचलणार?"

त्यांनी राखेनं माखलेले दोन्ही तळवे वर करून एकमेकांशेजारी धरले, अंगठे आत.

"कधी येणार ती?" मी विचारलं.

"का? बघाय येतीस व्हय?"

"येते की."

"मग सकाळी लवकर ये," आक्का म्हणाल्या. "आंघुळीच्या आत."